पीटची दलदल मिथेन सोडते, मग ती राखायची कशाला?

मिथेन हा पृथ्वी तापवणारा वायू. वातावरणातल्या त्याच्या सलग नोंदी १९८३ पासून आहेत. त्यांतली सर्वांत मोठी वार्षिक वाढ २०२१ सालची: अब्जामागे १७ ते १८ भाग. त्याआधीच्या वर्षी निम्मं जग टाळेबंदीत होतं, तरी मिथेन वाढायचा थांबला नव्हता. कारणं शोधली तेव्हा दोन हाती लागली. पहिलं, हवेत मिथेनचा नाश करणारे हायड्रॉक्सिल नावाचे कण. ते तयार व्हायला गाड्यांच्या धुरातले नायट्रोजनचे ऑक्साइड मदत करतात, आणि टाळेबंदीत गाड्याच बंद असल्याने हे कणही कमी पडले. दुसरं कारण म्हणजे ओल्या, उबदार झालेल्या पाणथळ जागा. २०२० च्या वाढीत या दोघांचा वाटा निम्मा-निम्मा असावा, असा एक अंदाज आहे.

तेव्हापासून बातम्या दोन्हीकडून येतात. एकीकडे 'दलदलींतून मिथेनचा मारा', दुसरीकडे 'हवामानासाठी दलदली वाचवा'. वाचणारा बुचकळ्यात पडतो, आणि त्यात त्याची चूक नाही. दोन्ही मथळे खरे आहेत. ते जुळवायचे तर एकाच गोष्टीवर नजर ठेवावी लागते: जमिनीतल्या पाण्याची पातळी. दलदलीतून कोणता वायू बाहेर पडणार आणि किती, हे सगळ्यांत जास्त तीच ठरवते.

पीट म्हणजे काय, आणि कोल्हापुरात ते का नाही

पीट म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा थर. जमीन बारा महिने पाण्याखाली असली की आत प्राणवायू पोचत नाही. पाला, मुळं, शेवाळं पुरतं कुजत नाही, वर्षानुवर्षं साचत जातं. हा थर ३०-४० सेंटिमीटरच्या वर गेला की त्या जागेला पीटभूमी म्हणतात. थंड देशांत तो मुख्यतः स्फॅग्नम नावाच्या शेवाळाचा असतो. इंडोनेशियासारख्या उष्ण देशांत पडलेल्या फांद्या, मुळं आणि लाकूड यांचा.

थर चढतो वर्षाला अर्धा ते एक मिलिमीटर. शिलाहार राजा दुसरा भोज बाराव्या शतकाच्या अखेरीस पन्हाळा बांधत होता, तेव्हापासून कुठे पीट साचत राहिलं असतं तर आज त्याची जाडी फार तर ४० ते ८५ सेंटिमीटर भरली असती. इतकं संथ काम, पण ते हजारो वर्षं आणि अफाट जागेवर चाललेलं. जगाच्या जमिनीपैकी जेमतेम ३ टक्के पीटभूमी आहे, आणि तिच्यात ५०० ते ६०० अब्ज टन कार्बन आहे. जगातल्या सगळ्या जंगलांच्या झाडाझुडपांत मिळून त्याहून कमी आहे. सायबेरिया, कॅनडा, उत्तर युरोप, इंडोनेशिया ही मोठी ठिकाणं. काँगो खोऱ्यातलं पीट तर नीट नकाशावर आलं ते २०१७ साली: सुमारे १ लाख ४५ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या जवळजवळ निम्मं.

भारतात पीट थोडं आहे. निलगिरीच्या माथ्यावरच्या खोलगट दऱ्यांत वीस हजार वर्षांपूर्वीपासूनचे थर सापडतात, आणि त्यांतल्या कार्बनवरून दक्षिण भारताच्या जुन्या पावसाळ्यांचा अंदाजही बांधला गेला आहे. केरळात कुट्टनाडच्या काळ्या 'कारी' जमिनींतही पीटचे पट्टे आहेत.

कोल्हापुरात मात्र नाही. गगनबावड्याला पाच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो, मग का नाही? कारण पाऊस किती, यापेक्षा जमीन किती महिने चिंब राहते हे महत्त्वाचं. मसाई पठारावर ऑगस्टमध्ये घोट्याएवढं पाणी असतं आणि मार्चमध्ये जांभा तापून पाय ठेववत नाही. ओल्या चार महिन्यांत जे साचेल ते कोरड्या महिन्यांत हवा लागून कुजून जातं.

दलदलीच्या पोटात काय चालतं

हे कोल्हापूर जिल्ह्यात समजावणं सोपं आहे, कारण ज्याच्या दारात दोन म्हशी आहेत त्याच्या परसात बहुधा गोबरगॅसची टाकी असते किंवा कधी तरी होती. शेण आणि पाणी सारखं घेऊन कालवायचं, टाकीत सोडायचं, हवा लागू द्यायची नाही. चाळीस-पन्नास दिवसांच्या मुक्कामात सूक्ष्मजीव त्याचा वायू करतात. त्यात ५५ ते ६५ टक्के मिथेन, उरलेला बहुतेक कार्बन डायऑक्साइड. पीटची दलदल ही अशीच टाकी आहे, आणि काम करणारे सूक्ष्मजीवही त्याच गटातले. म्हशीच्या पोटात चारा पचताना मिथेन तयार करतात तेही त्यांचेच भाऊबंद.

फरक तीन, आणि तिन्ही कामाचे. टाकीला घुमट असतो, दलदल वरून उघडी. टाकीत रोज ताजं शेण पडतं, दलदलीत कडक, आम्ल, पचायला जड असा माल. आणि टाकी उबदार असते. डिसेंबरात शेगडी मंद का जळते हे घरात सगळ्यांना माहीत असतं. उत्तरेकडच्या दलदलींत तर वर्षाचे कितीतरी महिने त्याहून कडक गारठा. म्हणून चौरस मीटरमागे वायू फार कमी निघतो. सगळ्या दलदलींची बेरीज मात्र मोठी होते. जगात निघणाऱ्या एकूण मिथेनपैकी पाव ते तिसरा हिस्सा नैसर्गिक पाणथळ जागांतून येतो, आणि पीटभूमी त्यातला एक मोठा भाग आहे.

प्राणवायू संपला की सूक्ष्मजीव लगेच मिथेनवर येत नाहीत. त्यांचा क्रम ठरलेला आहे. जमिनीत नायट्रेट असेल तर आधी ते वापरतात, मग मँगनीज आणि लोह, मग सल्फेट. हे सगळं संपलं की मिथेन करणाऱ्यांची पाळी. पीटच्या बऱ्याच दलदली फक्त पावसाच्या पाण्यावर जगतात. त्या पाण्यात हे क्षार नाममात्र, म्हणून पाळी लवकर येते. उलट करूळ घाट उतरून कोकणातल्या खाडीकडे गेलात, तर खारफुटीच्या चिखलात समुद्राचं सल्फेट भरपूर असतं. तिथे मिथेन कमी आणि सडक्या अंड्याचा वास जास्त. तो वास हायड्रोजन सल्फाइडचा. शुद्ध मिथेनला वासच नसतो, त्यामुळे नदीकाठी नाकाला रुमाल लावला म्हणजे मिथेन कळला, असं होत नाही.

पीट पूर्ण कुजत का नाही, याला आणखी एक कारण आहे. स्फॅग्नममध्ये फिनॉल जातीची रसायनं असतात आणि ती कुजवणाऱ्या विकरांना (एन्झाइमना) अडवून धरतात. ही रसायनं मोडणारं विकर वेगळं आहे आणि त्याला प्राणवायू लागतो. म्हणजे पाणी आहे तोवर अडसर टिकतो. पाणी उतरलं की प्राणवायू आत शिरतो, अडसर निघतो, आणि हजारो वर्षं थांबलेलं कुजणं सुरू होतं. पुढची सगळी कथा या एका अडसराभोवती फिरते.

तयार झालेला सगळा वायू बाहेर पडत नाही

दलदलीच्या वरच्या काही सेंटिमीटरांत हवा खेळती असते. तिथे मिथेन खाऊन जगणारे जिवाणू राहतात. खालून सावकाश झिरपत वर येणारा मिथेन त्यांच्या तावडीतून जातो, आणि पुष्कळदा निम्म्याहून जास्त तिथेच संपतो. पाणी अगदी वरपर्यंत भरलं असेल तर हा पहारा पातळ होतो. पाणी २०-३० सेंटिमीटर खाली असेल तर पहारा इतका जाड की मिथेन जवळजवळ बाहेरच येत नाही.

पण पहारा चुकवणाऱ्या दोन वाटा आहेत. एक बुडबुड्यांची. चिखलात वायू साठत जातो आणि हवेचा दाब उतरला की एकदम सुटतो. इटलीतल्या मॅजोरे सरोवराच्या काठी १७७६ साली अलेस्सांद्रो व्होल्टाने चिखल काठीने ढवळून असेच बुडबुडे गोळा केले आणि पेटवून पाहिले. मिथेनची ओळख तिथे पटली. पंचगंगेत जलपर्णी कुजून तळाला बसते, तिथेही घडतं ते हेच.

दुसरी वाट वनस्पतींची. लव्हाळ्याच्या कुळातल्या गवतांना, पाणकणसाला आणि भातालाही पोकळ नळ्यांसारखी उती असते. मुळांना हवा पोचावी म्हणून ती असते, पण तिच्यातून उलट दिशेने मिथेनही वर येतो आणि जिवाणूंना वळसा घालून थेट हवेत जातो. भाताच्या खाचरातला बहुतेक मिथेन रोपातूनच बाहेर पडतो. त्यामुळे दोन दलदलींत पाणी सारखं असलं, तरी एकीत नुसतं शेवाळं आणि दुसरीत लव्हाळी गवत असेल, तर आकडे कित्येक पटींनी वेगळे येतात.

आतापर्यंत दोनच वायूंचं बोलणं झालं. तिसरा नायट्रस ऑक्साइड. शंभर वर्षांच्या हिशेबात किलोमागे तो कार्बन डायऑक्साइडच्या २७३ पट तापवतो. चिंब, नैसर्गिक दलदलीतून तो जवळजवळ निघतच नाही, कारण नायट्रेट कमी, आणि जे असतं त्याचा पूर्ण विघटनाने साधा नायट्रोजन होतो. तो निघतो अर्धओल्या जमिनीतून, जिथे थोडी हवा आहे, थोडं पाणी आहे आणि नायट्रोजन भरपूर आहे. हे वाक्य उसाच्या फडासाठी लक्षात ठेवावं. मिथाइल क्लोराइड, मिथाइल ब्रोमाइड, आयसोप्रीन असेही वायू दलदल थोडे थोडे सोडते. पहिले दोन ओझोनला बाधतात, पण आपल्या मुख्य हिशेबात त्यांचं वजन नाही.

हवेत हे सगळे वायू नखाएवढे असतात, म्हणून त्यांना अल्पांश वायू म्हणतात. कार्बन डायऑक्साइड दहा लाखांत सुमारे ४२० भाग, मिथेन जेमतेम १.९, नायट्रस ऑक्साइड ०.३४. दहा लाखांतल्या भागाला पुढे पीपीएम म्हणू.

एवढासा वायू मोजतात कसा

सर्वांत जुनी आणि अजून चालणारी पद्धत पेटीची. पीटमध्ये एक कडं, म्हणजे बिनतळाची चौकट, आधीच काही आठवडे दाबून ठेवतात. ताजी दाबली तर मुळं तुटतात आणि आकडा बिघडतो. कड्याच्या वरच्या कडेला खाच असते. तिच्यात पाणी भरून वर पेटी बसवली की सांधा हवाबंद होतो. पेटीत हवा ढवळायला छोटा पंखा, दाब सारखा राहावा म्हणून एक बारीक नळी आणि सुई टोचायला रबरी बूच. पेटी ठेवली की ०, १०, २० आणि ३० व्या मिनिटाला इंजेक्शनच्या सिरिंजने हवा ओढायची, निर्वात बाटल्यांत भरायची आणि प्रयोगशाळेत गॅस क्रोमॅटोग्राफ या वायू वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर तपासायची.

समजा पेटी ३० सेंटिमीटर उंच आहे आणि अर्ध्या तासात आतला मिथेन २ वरून ५ पीपीएम झाला. २५ अंश तापमानाला १ पीपीएम मिथेन म्हणजे घनमीटरमागे सुमारे ०.६५ मिलिग्रॅम. तीन पीपीएमचे १.९६ झाले, त्याला उंची ०.३ मीटरने गुणलं की अर्ध्या तासात चौरस मीटरमागे ०.५९ मिलिग्रॅम. दिवसाचे साधारण २८ मिलिग्रॅम. दलदलीच्या उन्हाळ्यात हा आकडा अगदी नेहमीचा आहे.

बिघडतं काय? पहिलं म्हणजे माणसाचा पाय. पेटीशेजारी उभं राहिलं तरी पीट दबतं, बुडबुडे सुटतात आणि वाचन उसळतं. म्हणून आधी फळ्यांची पायवाट घालतात. दुसरं ऊन: पेटी पांढरी किंवा चंदेरी कागदाने मढवलेली नसेल तर आत भट्टी होते. तिसरा प्रकार जास्त फसवा आहे. चार वाचनं सरळ रेषेत यायला हवीत. मधेच एखादं एकदम वर गेलं तर ते वाचन 'खराब' म्हणून टाकून द्यायचा मोह होतो. पण ती उडी खऱ्या बुडबुड्याची असू शकते, आणि अशा सगळ्या उड्या टाकून दिल्या तर दलदल आहे त्यापेक्षा सोवळी दिसते. शिवाय दोन हातांवरच्या उंचवट्यावर आणि खळग्यावर दहापट फरक असतो. पेट्या सोयीच्या कोरड्या जागी लावल्या, तर आकडाही सोयीचाच येतो.

म्हणून जोडीला मनोरा उभारतात. त्यावरचा ध्वनिलहरींचा वारामापक आणि वायूमापक सेकंदाला दहा ते वीस वेळा वाचन घेतात. वर जाणाऱ्या झुळकीत मिथेन जास्त आणि खाली येणाऱ्या झुळकीत कमी, एवढ्या फरकावरून काहीशे मीटर परिसराचा सरासरी प्रवाह काढतात. रात्री वारा पडला की हिशेब लंगडतो आणि ती भोकं गणिताने भरावी लागतात. पेटी आणि मनोरा यांचे आकडे तंतोतंत जुळले, तर उलट शंका घ्यावी.

मिथेन एवढा जहाल, तर दलदल थंडावा कशी देते?

हा आक्षेप वजनदार आहे, म्हणून आकडे मांडूनच बघू. उत्तरेकडची एक साधी दलदल वर्षाला चौरस मीटरमागे सुमारे २५ ग्रॅम कार्बन कायमचा साठवते. म्हणजे हवेतला ९२ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड कमी झाला. तीच दलदल वर्षाला समजा ५ ग्रॅम मिथेन सोडते. जैविक मिथेन शंभर वर्षांच्या हिशेबात २७ पट धरतात, म्हणजे १३५ ग्रॅम. वजाबाकी केली तर दलदल तोट्यात! वीस वर्षांचा हिशेब धरला तर मिथेन ८० पट, मग विचारायलाच नको. 'दलदली बुजवा' म्हणणारे इथेच थांबतात.

गफलत अशी, की हा हिशेब आज सोडलेल्या एका वर्षाच्या मालाचा आहे. दलदल आजची नाही. मिथेन हवेत सुमारे बारा वर्षंच टिकतो. पाच हजार वर्षांच्या दलदलीने आजवर कितीही मिथेन सोडला असला, तरी आज हवेत तिचा शिल्लक आहे तो गेल्या दहा-बारा वर्षांतलाच, चौरस मीटरमागे ६० ग्रॅमच्या आसपास. जुना नष्ट होतो, नवा त्याची जागा घेतो, पातळी तीच. कार्बन मात्र साचतच गेला. पाच हजार वर्षांत १२५ किलो कार्बन, म्हणजे ४५० किलोहून जास्त कार्बन डायऑक्साइड.

आता तुलना करा. हवेत असताना मिथेन किलोमागे कार्बन डायऑक्साइडच्या साधारण १२० पट उष्णता अडवतो. ६० ग्रॅमचे झाले ७ किलो. समोर ४५० किलो. दलदलीने हवेतून जेवढा घेतला त्यातला बराचसा समुद्राने परत हवेत सोडला, हे धरून त्यातले तीन-चतुर्थांश वजा केले, तरी शंभराच्या वर उरतात. जुनी, ओली, न छेडलेली दलदल पृथ्वीला थंडच ठेवत आली आहे. नव्याने पाणी भरलेल्या जागेला मात्र हा युक्तिवाद पहिली काही दशकं लागू पडत नाही. तिचा मिथेन हवेत नवी भर घालत असतो.

मग पाणी काढून टाकलं तर मिथेन थांबेल ना?

थांबेल. चर खणून पाणी उतरवलं की मिथेन जवळपास शून्यावर येतो, एवढं खरं आहे. पण अडसर निघतो. आत गेलेला प्राणवायू हजारो वर्षांचं साचलेलं कुजवू लागतो आणि ते सगळं कार्बन डायऑक्साइड होऊन बाहेर पडतं. इंडोनेशिया-मलेशियात पीटवर चर मारून लावलेल्या पाम तेलाच्या बागांसाठी प्रमाण धरलेला आकडा आहे वर्षाला हेक्टरी ११ टन कार्बन, म्हणजे ४० टन कार्बन डायऑक्साइड. जमीनही वर्षाला काही सेंटिमीटर खचत जाते. थर साचतो वर्षाला मिलिमीटरने, जातो वर्षाला सेंटिमीटरने. यातच सगळं आलं. वर खत पडलं की नायट्रस ऑक्साइडची भर. चरांच्या तळाशी साचलेल्या पाण्यातून मिथेनही निघत राहतो, आणि तो हिशेबातून बऱ्याचदा सुटतो.

कोरडं पीट पेटतं, हे वेगळंच. आग वरून दिसत नाही, जमिनीखाली धुमसत जाते आणि आठवडेच्या आठवडे विझत नाही. १९९७ साली इंडोनेशियातल्या पीटच्या आगींतून ०.८ ते २.६ अब्ज टन कार्बन हवेत गेल्याचा अंदाज आहे. जगभरातली पाणी काढलेली पीटभूमी मिळून आज वर्षाला सुमारे दोन अब्ज टन कार्बन डायऑक्साइडइतके वायू सोडते.

उलट दिशेने जायचं तर चरांना बांध घालून पाणी पुन्हा चढवतात. इथे घाई नडते. शेतीची, खतावलेली जमीन एकदम फूटभर पाण्याखाली घातली, तर वरचं कोवळं गवत आणि मुळं सडून पहिली काही वर्षं मिथेन उसळतो. ताज्या शेणाने टाकी भरल्यासारखंच. पाणी जमिनीच्या पृष्ठभागापासून साधारण १० सेंटिमीटर खाली ठेवणं हा मध्यम मार्ग. कुजणं थांबतं आणि मिथेन खाणाऱ्यांचा पहाराही शाबूत राहतो. पूर्ण पाणी चढवता येत नसेल तरी हरकत नाही. खोल चरांच्या जमिनीत पातळी दर १० सेंटिमीटरने वर आणली, तर हेक्टरी वर्षाला निदान ३ टन कार्बन डायऑक्साइडइतकी बचत होते, असं बऱ्याच ठिकाणच्या मोजमापांवरून दिसलं आहे.

हा गॅस पकडून चुलीला वापरता येणार नाही का?

गणित करून बघा. एका घराला दिवसाला दोन घनमीटर गोबरगॅस लागतो असं धरू. त्यात ६० टक्के मिथेन, म्हणजे पाऊण किलोहून थोडा जास्त. वरच्या उदाहरणातली दलदल देते चौरस मीटरला २८ मिलिग्रॅम. एका घराच्या चुलीसाठी सुमारे सात एकर दलदल हवाबंद कापडाखाली झाकावी लागेल, तीही फक्त उन्हाळ्यापुरती. आणि झाकली की शेवाळं मरणार.

निसर्गच सोडतो, तर माणसाचा काय दोष?

सरकारी हिशेबात दलदलीचा मिथेन 'नैसर्गिक' रकान्यात जातो, खाचराचा आणि म्हशीचा 'मानवी' रकान्यात. सूक्ष्मजीव तेच. हवेतल्या मिथेनमध्ये कार्बनचे हलके आणि जड अणू किती, यावरून तो सूक्ष्मजीवांचा की खनिज तेल-वायूचा हे साधारण ओळखता येतं. सूक्ष्मजीव हलका कार्बन जास्त उचलतात. २००७ नंतर हवेतला मिथेन हलका होत चालला आहे, म्हणजे वाढीत सूक्ष्मजीवांचा हात मोठा आहे. पण तो दलदलीचा, खाचराचा की कचऱ्याच्या डेपोचा, हे फक्त या खुणेवरून सुटत नाही.

शिवाय 'नैसर्गिक' म्हणजे 'न बदलणारं' नव्हे. तापमान चढलं की टाकी जोरात चालते. उत्तरेत गोठलेली जमीन वितळली की नवी टाकी सुरू होते. त्या वाढीव भागाला नैसर्गिक म्हणून हात झटकणं मला पटत नाही.

कोल्हापूरला याचं काय?

आपल्याकडे पीट नाही, पण पाण्याच्या पातळीचा नियम राधानगरी, आजरा, चंदगडच्या भाताला आणि पंचगंगेकाठच्या उसाला तोच आहे.

भातासाठी सांगितला जाणारा उपाय म्हणजे आलटून पालटून पाणी. खाचरात भोकं पाडलेली नळी गाडायची, पाणी जमिनीखाली १५ सेंटिमीटर उतरलं की पुन्हा भरायचं, फक्त फुलोऱ्यात पाणी उभं ठेवायचं. मिथेन तिसऱ्या हिश्शाने किंवा त्याहून जास्त कमी होतो. पण जुलैच्या धारेत गगनबावड्यात खाचर कोरडं करायला सांगणं म्हणजे शेतकऱ्याची थट्टा आहे. हा उपाय पाण्याच्या पाळ्या हातात असलेल्या उन्हाळी भाताचा. पावसाळी भातात जमेल ते एवढं: ऑगस्ट-सप्टेंबरच्या उघडिपीत बांध फोडून एकदा पाणी काढणं, आणि चिखलणीच्या तोंडावर ताजा पेंढा किंवा कच्चं शेणखत न गाडणं. कुजलेलं खत घातलं तर सूक्ष्मजीवांना आयतं खाद्य कमी मिळतं.

उसात मिथेन नव्हे, नायट्रस ऑक्साइड. आडसाली उसाला हेक्टरी ४०० किलो नत्राची शिफारस आहे. ढोबळ हिशेबात त्यातला एक टक्का नायट्रस ऑक्साइडच्या रूपात उडतो: ४ किलो नत्र, म्हणजे ६.३ किलो वायू, म्हणजे सुमारे १,७०० किलो कार्बन डायऑक्साइडइतकं. शिफारशीपेक्षा दोन पोती जास्त टाकली तर त्याहून जास्त. सगळा युरिया एकदम फेकून वर पाटाने पाणी सोडलं की जमीन नेमकी त्या अर्धओल्या अवस्थेतून जाते. लागणीला १० टक्के, ६ ते ८ आठवड्यांनी ४०, १२ ते १६ आठवड्यांनी १० आणि मोठ्या बांधणीला ४० टक्के अशी विभागणी शिफारशीतच आहे. ती पाळली तर खताचे पैसेही वाचतात.

पीटशी थेट संबंध दोन ठिकाणी येतो. एक पाम तेल. ते जगात सर्वांत जास्त आयात भारत करतो आणि फरसाणाच्या कढईत बहुधा तेच असतं. त्यातलं किती पीटवरच्या बागांतलं, हे डब्यावर लिहिलेलं नसतं. दुसरं, रोपवाटिका. पॉलिहाउसवाले परदेशी पीट मॉसच्या गोणी आणतात. तो माल चर मारलेल्या दलदलीतून खरवडलेला असतो आणि ट्रेमध्ये भरल्यावर काही वर्षांत हवेत जातो. उसाच्या एक डोळा रोपांना त्याची गरज नाही. तिथे कोकोपीट चालतं, आणि ते नावापुरतंच पीट, मुळात नारळाच्या सोडणाचा भुसा. त्यात खोट एकच, मिठाची. घेताना गोणीवरचा ईसी, म्हणजे क्षार किती हे दाखवणारा आकडा, ०.५ च्या आत आहे का बघावं. न धुतलेला माल असेल तर ट्रे भरण्याआधी गोड्या पाण्यात दोन-तीनदा भिजवून निथळून घ्यावा, नाहीतर कोंब शेंड्याला करपतो.